अद्भुतरम्य संगणकीय खेळांतील चिलखतें व त्यांच्या नांवांचें मूळ

सांप्रत तरुण पिढींत जे संगणकीय खेळ प्रचारांत आहेत, त्यांपैकीं एका मोठ्या वर्गांत खेळाडू एखाद्या योद्ध्याची किंवा मांत्रिकाची भूमिका घेऊन भुयारें, ओसाड किल्ले व राक्षसांचीं वसतिस्थानें पालथीं घालतो, शत्रूस मारतो आणि त्याच्याजवळचें सामान लुटून आपल्या अंगावर चढवितो. या खेळांतील शिलेखान्याची यादी जुन्या वस्तूंच्या अभ्यासकानें एकवार पाहावी. तींत ‘स्टडेड लेदर’, ‘रिंग मेल’, ‘बँडेड मेल’, ‘स्प्लिंट मेल’ अशीं नांवें आढळतात. म्हणजे अनुक्रमें खिळे ठोकलेल्या चामड्याचें, चामड्यावर सुट्या कड्या शिवलेलें, आडव्या पट्ट्यांचें व उभ्या चिपांचें चिलखत. हीं मध्ययुगीन युरोपांतील म्हणून दाखविलीं जातात. परंतु त्यांचे अस्सल नमुने पाहावे म्हणून कोणी लंडन, व्हिएन्ना अथवा न्यूयॉर्क येथील मोठमोठे शस्त्रसंग्रह धुंडाळूं लागला, तर त्याची बहुतांशीं निराशाच होईल. मग हीं नांवें आलीं कोठून? या प्रश्नाचा माग काढीत गेलें असतां आपण खेळ रचणारांच्या कल्पनाशक्तीपाशीं न थांबतां सन १८२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका वस्तुसंशोधकाच्या ग्रंथापाशीं येऊन पोंचतों. म्हणूनच विषय वरवर पोरखेळाचा दिसला तरी तो या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

प्रथम ‘लूट’ या शब्दाविषयीं थोडेंसें. खेळांत शत्रूच्या प्रेतापाशीं किंवा पेटींत जें कांहीं सांपडतें त्यास इंग्रजी खेळाडू ‘लूट’ असेंच म्हणतात. हिंदुस्थानींतून हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजींत शिरला आणि सन १८८६ मध्यें यूल व बर्नेल यांनीं प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत त्याची रीतसर नोंद आहे. मराठी वाचकास त्याचा अर्थ सांगावयास नको. मात्र आपल्या कागदांतील लुटीची याद आणि खेळांतील लूट यांत एक महत्त्वाचा भेद आहे. त्याकडे पुढें वळूं.

आतां यादीच्या वंशावळीकडे. सन १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियांत मायकेल टॉय व ग्लेन विचमन यांनीं ‘रोग’ नांवाचा खेळ रचला. त्यांत चित्रें नव्हतींच. भिंती, वाटा, राक्षस सर्व कांहीं टंकाक्षरांनीं दाखविलेलें असे. चिलखतें आठ: साध्या चामड्याचें, रिंग मेल, स्टडेड लेदर, स्केल मेल म्हणजे खवल्यांचें, चेन मेल म्हणजे कड्यांच्या जाळ्याचें, स्प्लिंट मेल, बँडेड मेल, आणि सर्वांत श्रेष्ठ प्लेट मेल म्हणजे पोलादी पत्र्यांचें. खेळाडू भुयारांत उतरतो तोच मुळीं रिंग मेल घालून. ही यादी गॅरी गायगॅक्स याच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद, पेन्सिल व फांसे घेऊन खेळावयाच्या खेळाच्या सन १९७८ च्या पुस्तिकेंतील यादीशीं जवळजवळ तंतोतंत जुळते. तेथें उघड्या अंगास १० हा अंक असून तो जितका उतरेल तितकें संरक्षण अधिक, असा हिशेब आहे: चामडें ८, स्टडेड लेदर व रिंग मेल ७, स्केल ६, चेन ५, स्प्लिंट व बँडेड ४, प्लेट ३. याच खेळाची पहिली आवृत्ति गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं सन १९७४ मध्यें काढली, तींत चामडें, चेन व प्लेट असे तीनच प्रकार होते. त्याहीपूर्वीं, सन १९७१ मध्यें, गायगॅक्स व जेफ पेरेन यांनीं ‘चेनमेल’ नांवाची युद्धखेळाची पुस्तिका प्रसिद्ध केली होती. तींत चेन, बँडेड, स्टडेड व स्प्लिंट या चारही प्रकारांस एकाच रकान्यांत बसविलेलें आहे. हा तपशील ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १९७१ सालीं जीं चिलखतें एका किंमतीचीं होतीं त्यांना १९७८ सालीं निरनिराळ्या पायऱ्या मिळाल्या. मध्यंतरीं त्यांच्याविषयीं कांहीं नवा पुरावा उजेडांत आला होता असें नाहीं. खेळास पायऱ्या हव्या होत्या, इतकेंच.

या नांवांचा मूळ पुरुष सॅम्युएल रश मेरिक (१७८३–१८४८) हा होय. याच्या नांवावर चुका पुष्कळ मोडतात, तरी त्याची योग्यता कमी लेखणें अन्यायाचें होईल. त्याच्या पूर्वीं लंडनच्या टॉवरमध्यें राजांच्या पुतळ्यांची जी रांग मांडलेली होती, तींत विजेता विल्यम यालाही त्याच्या मृत्यूनंतर कित्येक शतकांनीं घडविलेलें पोलादी चिलखत चढवून घोड्यावर बसविलेलें होतें, आणि लोक तें खरें मानून पाहात. मेरिकनें सन १८२६ ते १८२८ च्या दरम्यान त्या संग्रहाची कालानुक्रमें फेरमांडणी केली. त्याचा स्वतःचा संग्रहही विख्यात होता. त्याचा मोठा भाग पुढें सर रिचर्ड वॉलेस यानें घेतला व तो आज लंडनच्या वॉलेस संग्रहालयांत पाहावयास मिळतो. चिलखत ही केवळ कुतूहलाची चीज नसून तिचा काळ ठरवितां येतो, आणि तो ठरविण्यासाठीं मोहरा, थडग्यांवरील प्रतिमा व पोथ्यांतील चित्रें ताडून पाहिलीं पाहिजेत, ही शिस्त इंग्लंडांत प्रथम त्यानेंच घालून दिली. त्याच्या १८२४ च्या तीन खंडांच्या ग्रंथाचें महत्त्व यांतच आहे.

परंतु चुकही नेमकी येथेंच झाली. अकराव्या ते चौदाव्या शतकांतील प्रत्यक्ष चिलखतें अत्यल्प उरलेलीं असल्यामुळें मेरिकची सर्व भिस्त चित्रांवर होती. बायो येथील प्रसिद्ध भरतकामाचा पट घ्या. हा सुमारें ७० मीटर लांबीचा पट अकराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील असून त्यांत नॉर्मन स्वारांच्या अंगावरील चिलखत कोठें मोठमोठ्या वर्तुळांनीं, कोठें तिरप्या जाळीनें दाखविलें आहे. कड्यांच्या एका अंगरख्यांत कित्येक हजार बारीक कड्या एकमेकींत गुंफलेल्या असतात. लोकरीच्या दोऱ्यानें त्या एकेक कशा भरणार? भरतकाम करणारीनें आपल्या सोयीची एक खूण योजिली, दुसरीनें दुसरी. मेरिकला मात्र प्रत्येक खुणेमागें चिलखताची निराळी जात दिसली. वर्तुळें दिसलीं तेथें ‘रिंग्ड’, जाळी दिसली तेथें ‘ट्रेलिस्ड’, शंकरपाळ्याची आकृति दिसली तेथें ‘मॅस्कल्ड’, कौलांप्रमाणें एकावर एक बसविलेले चौकोन दिसले तेथें लॅटिन ‘टेग्युला’ म्हणजे कौल या शब्दावरून ‘टेग्युलेटेड’. कांहीं पोथ्यांतील चित्रांत व डॉडफर्ड, न्यूटन सोलनी येथील समाधिप्रतिमांवर कड्यांच्या ओळींमध्यें आडव्या रेघा कोरलेल्या आहेत. त्यांचें ‘बँडेड’ झालें.

खिळ्यांच्या चामड्याची कथा याहून बोधप्रद आहे. चौदाव्या व पंधराव्या शतकांत युरोपांत एक अंगरखा वापरांत होता, त्याच्या कापडाच्या किंवा चामड्याच्या आंतल्या अंगास लोखंडी पत्रे रिव्हेटांनीं बसवीत. बाहेरून फक्त मखमल व तिच्यावर रिव्हेटांच्या डोक्यांच्या रांगा दिसत. चित्रकारानें जें दिसलें तें काढलें. चित्र पाहणारानें तेवढेंच खरें धरलें, आणि ज्या वस्त्राचें सर्व बळ आंतील लोखंडांत होतें त्याचें केवळ टिकल्या लावलेलें कातडें होऊन बसलें. जें कपड्याखालीं असतें तें चित्रांत येत नाहीं, ही गोष्ट आपणांस नवी नाहीं. सन १६५९ च्या प्रतापगडच्या भेटीच्या वर्णनांत महाराजांनीं अंगरख्याखालीं चिलखत चढविल्याचें येतें. त्या प्रसंगाचें समकालीन चित्र असतें तर त्यांत कापड तेवढें दिसलें असतें.

मेरिकनंतरच्या इंग्रजी ग्रंथांनीं हा परिपाठ पुढें चालविला. चार्ल्स हेन्री अॅशडाउन याच्या १९०९ च्या ग्रंथांत १३३५ ते १३६० या कालखंडासच ‘स्टडेड व स्प्लिंटेड चिलखताचा काळ’ असें नांव दिलेलें आहे. अशा ग्रंथांच्या द्वारें ही परिभाषा सामान्य वाचकांत रुळली. ‘मेल’ या शब्दाचीही अशीच ओढाताण झाली. मुळांत त्याचा अर्थ कड्यांचें जाळें एवढाच. त्यामुळें ‘चेन मेल’ ही द्विरुक्ति आणि ‘प्लेट मेल’ हा वदतोव्याघात. हा दुसरा प्रयोग फ्रान्सिस ग्रोज याच्या १७८६ च्या ग्रंथांत आढळतो.

पुरावा जमिनींतून आला. सन १३६१ मध्यें बाल्टिक समुद्रांतील गॉटलंड बेटावर विस्बी शहराबाहेर लढाई होऊन पडलेल्यांना अंगावरच्या सामानासह मोठ्या खड्ड्यांत पुरलें होतें. त्या खड्ड्यांचें उत्खनन १९०५ पासून १९३० पर्यंत टप्प्याटप्प्यानें झालें व बेंग्ट थॉर्डेमान यानें त्याचा वृत्तांत १९३९ त प्रसिद्ध केला. तेथें कड्यांचीं चिलखतें मिळालीं, तीं गुंफलेल्या कड्यांचीं. आणि दोन डझनांच्या आसपास अंगरखे मिळाले, त्यांचें कापड-कातडें कुजून गेलेलें, पण आंतील पत्रे जागच्या जागीं. क्लॉड ब्लेअर याच्या १९५८ च्या ग्रंथानंतर तर मेरिकच्या निरनिराळ्या जाती अभ्यासकांत मागें पडल्या. चित्रांतील खुणा निरनिराळ्या, वस्तु बहुधा एकच, असें मानूं लागले.

मग इतकें होऊनही खेळांत त्या जिवंत कां राहिल्या? याचें उत्तर आमच्या मतें खेळाच्या रचनेंतच आहे. खेळाडूस पुढें ओढीत नेण्यासाठीं प्रत्येक मजल्यावर मागच्याहून किंचित् सरस वस्तु सांपडली पाहिजे, आणि प्रत्येक वस्तूस निराळें नांव पाहिजे. कड्यांचा अंगरखा, त्याखालीं जाड गादीदार वस्त्र, त्यावर कालांतरानें पत्रे, हा जो खरा क्रम, त्यांत हे थर एकावर एक घालावयाचे असतात. एक टाकून दुसरें घ्यावयाचें नसतें. त्यांतून दहा पायऱ्यांची शिडी निघत नाहीं. मेरिकच्या वर्गीकरणांतून ती आयती निघते. सन २००० मधील ‘डायब्लो २’ या खेळांत तर पूर्वींचीं नांवें अपुरीं पडलीं, तेव्हां दुसऱ्या इयत्तेचीं चिलखतें काढण्यांत आलीं. तेथें स्टडेड लेदरच्या वरची पायरी ‘ट्रेलिस्ड आर्मर’, आणि स्केल मेलच्या वरची ‘टिग्युलेटेड मेल’! पावणेदोनशें वर्षांपूर्वीं एका संग्राहकानें कौलांवरून पाडलेला शब्द, त्यांतील एक स्वर बदलून, राक्षस मारणाऱ्या मुलांच्या झोळींत पडला. नकलाकाराच्या हातून पोथींत अक्षर बदलतें तसाच हा प्रकार असून, पाठपरंपरेचा अभ्यास करणारास त्याची गंमत वाटल्यावांचून राहणार नाहीं.

आतां लुटीकडे. १९९६ च्या अखेरीस निघालेल्या पहिल्या ‘डायब्लो’त सांपडलेली जादूची वस्तु प्रथम ‘अनोळखी’ असते. गांवांतील केन नांवाचा वृद्ध १०० मोहोरा घेऊन तिची ओळख पटवितो, व मग तिचे गुण अक्षरांत उमटतात. संग्राहकांस हा वृद्ध परिचयाचा वाटेल. परंतु तो वस्तूचें सामर्थ्य सांगतो, तिचें मूळ सांगत नाहीं, आणि त्यास तें विचारण्याची सोयही नाहीं. कारण वस्तु त्या क्षणींच, नांवाच्या पुढें-मागें एकेक विशेषण चिकटवून, यदृच्छेनें घडविलेली असते. तिची प्रत अक्षरांच्या रंगावरून कळते: पांढरा साधा, निळा जादूचा, सोनेरी अद्वितीय. आपल्याकडील लुटीच्या यादींत मुक्काम, तारीख, नग व बहुधा कोणाच्या घरचा ऐवज हें असतें. खेळांतील लुटींत यांपैकीं कांहींच नसतें. वर उल्लेखिलेला भेद तो हाच. याला एक अपवाद सांगण्यासारखा आहे. हिदेताका मियाझाकी याच्या दिग्दर्शनाखालीं जपानांत तयार झालेल्या ‘डार्क सोल्स’ (२०११) या खेळांत प्रत्येक चिलखतास दोनचार ओळींचें टिपण जोडलेलें असून, त्या तुटक टिपणांवरूनच खेळाडूस त्या काल्पनिक राज्याचा इतिहास जुळवावा लागतो. हें काम आपल्या दप्तरांतील कामाहून फार वेगळें नाहीं.

खरा क्रम खेळांत आणतांच येत नाहीं असेंही नव्हे. झेक प्रजासत्ताकांतील वॉरहॉर्स स्टुडिओनें २०१८ त काढलेल्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ या खेळाची कथा सन १४०३ च्या बोहेमियांत घडते. तेथें गादीदार वस्त्र, त्यावर कड्या, त्यावर पत्रे असे थर खेळाडूस एकावर एक चढवावे लागतात, आणि आंतून पत्रे बसविलेला अंगरखा त्याच्या खऱ्या नांवानें, ‘ब्रिगँडीन’ म्हणून, मिळतो. पायऱ्या कमी झाल्या म्हणून खेळ रुचला नाहीं असें झालेलें नाहीं.

आमच्या वाचकांशीं या प्रकरणाचा संबंध नांवांपुरता, पण निकट आहे. आपल्या संग्रहांतील चिलखतांचीं वर्णनें इंग्रजींत करतांना हेच शब्द हाताशीं येतात. हिंदुस्थानांतील ज्या चिलखतांत कड्यांच्या जाळ्यांतच पोलादी पत्रे गुंफलेले असतात त्यांस ‘स्प्लिंट मेल’ किंवा ‘बँडेड मेल’ म्हटल्यानें एका अस्सल वस्तूस काल्पनिक वस्तूचें नांव लागतें. ‘चिलता हजार माशा’ म्हणजे मखमलीवर हजारों बारीक खिळे जडविलेला जो अंगरखा उत्तर हिंदुस्थानांत वापरीत, त्यास ‘स्टडेड लेदर’ म्हणण्याचा मोह तर फारच होईल. वास्तविक तो थरांच्या कापडाचा असतो, व कांहींना पोलादी तुकडेही जोडलेले असतात. अशा ठिकाणीं कागदांत जो शब्द असेल तो, चिलखत, बख्तर, चारआइना कसाही असो, तसाच ठेवावा; त्यापुढें कड्या रिव्हेट मारलेल्या आहेत कीं नुसत्या जुळविलेल्या, पत्रे किती व कशास जोडलेले, अस्तर उकलून आंत पाहिलें कीं नाहीं, हें लिहावें.

खेळाच्या यादींत मात्र फेरफार चालूच आहेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या सन २००० च्या खेळाडू-पुस्तिकेंतून रिंग मेल वगळलें व बँडेड मेल ठेवलें, २०१४ च्या पुस्तिकेंत बँडेड मेल गेलें आणि चामड्यावर जाड कड्या शिवलेलें रिंग मेल, चेन मेलहून कमी प्रतीचें असें सांगून, परत आलें. २०२४ च्या पुस्तिकेंतही तें आहे. स्टडेड लेदर या तिहींत कायम आहे.