जुन्या मालमोटारीसाठी नवे एंजिन

मालमोटारीचा सांगाडा, आस व चाके ही बहुधा तिच्या एंजिनापेक्षा अधिक काळ टिकतात. सिलिंडर झिजले, वंगण जळू लागले आणि भरलेली गाडी चढावर दमू लागली, की मालकापुढे प्रश्न उभा राहतो : गाडी मोडीत काढावी, की तिच्यात दुसरे एंजिन बसवावे?

दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या देशात हा प्रश्न अनेकांपुढे आला. त्या वेळच्या पुष्कळशा मालमोटारी पेट्रोलवर चालत असत. इंग्लंडातील पीटरबरो येथे १९३२ साली स्थापन झालेल्या पर्किन्स कंपनीचे 'पी ६' हे सहा सिलिंडरांचे डीझेल एंजिन अशा गाड्यांत बसविले जाई. १९५० नंतरच्या दशकात मद्रासची सिम्प्सन कंपनी पर्किन्स एंजिने भारतातच तयार करू लागली.

डीझेलची निवड होण्याचे कारण त्याच्या कार्यपद्धतीत आहे. त्या काळच्या पेट्रोल एंजिनात मिश्रण सुमारे सहा ते सात पट दाबले जाई व ठिणगीने पेटविले जाई. डीझेल एंजिनात केवळ हवा सुमारे सोळा पट किंवा त्याहून अधिक दाबली जाते. ती इतकी तापते की तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. या अधिक दाबामुळे तितक्याच कामास इंधन कमी लागते.

परंतु एंजिन निवडताना केवळ अश्वशक्तीचा आकडा पाहणे पुरेसे नाही. समजा, जुने पेट्रोल एंजिन मिनिटाला ३,२०० फेऱ्यांवर ८० अश्वशक्ती देते आणि नवे डीझेल एंजिन तेवढीच शक्ती २,४०० फेऱ्यांवर देते. शक्ती ही फिरविण्याचा जोर व फेरे यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. म्हणजे त्या वेळी नव्या एंजिनाचा जोर एक-तृतीयांशाने अधिक असतो. चढावर हा लाभच आहे; पण तो वाढीव जोर जुन्या क्लचला व गिअरपेटीला सोसला पाहिजे. शिवाय पूर्वी ताशी ६४ किलोमीटर धावणारी गाडी आता ४८ किलोमीटरांवरच अडेल. तो वेग पुन्हा हवा असल्यास मागील आसातील दंतचक्रांचे प्रमाण बदलावे लागते.

वजनाचाही विचार हवा. दाब सोसण्यासाठी डीझेल एंजिनाचे भाग जाड असतात. पुढील पाटे दबले, तर सुकाणू जड होते व टायर लवकर झिजतात. दाबलेल्या हवेविरुद्ध एंजिन फिरवून सुरू करावयाचे असल्याने स्टार्टर व बॅटरीही अधिक समर्थ लागतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. अनेक जुन्या गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात पेट्रोल एंजिनाच्या वायुनलिकेतूनच मिळतो. डीझेल एंजिनाच्या नलिकेत तसा पुरेसा निर्वात निर्माण होत नाही. म्हणून एंजिनावर चालणारा स्वतंत्र निर्वातपंप बसवावा लागतो. तो विसरला, तर ब्रेकचे पायदान दाबण्यास पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक जोर लागतो आणि भरलेली गाडी घाटाच्या उतारावर चालकास आवरत नाही.

एंजिनाचा क्रमांक नोंदणी-प्रमाणपत्रावर लिहिलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात गाडीतील अशा फेरफारांवर निर्बंध घातलेले आहेत. म्हणून खरेदीपूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

सारांश, प्रथम सांगाडा गंजला आहे की काय हे तपासावे. तो निकामी असेल, तर नव्या एंजिनावरील खर्च व्यर्थ होय. तो धड असेल, तर फेरे, जोर, वजन व ब्रेक या क्रमाने विचार करावा. गाडीच्या मूळ बनावटीचेच एंजिन मिळत असल्यास यांपैकी बऱ्याच अडचणी उद्भवत नाहीत. एंजिन बसविल्यावर रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावर ब्रेकची परीक्षा घ्यावी आणि मगच तीत माल भरावा.