कूलरपासून प्रशीतनचक्रापर्यंत : भंडारा जिल्ह्यातील अध्यापनाचा एक प्रश्न

भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयात अथवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रशीतन हा विषय शिकावयास येणारा विद्यार्थी त्या विषयात सर्वस्वी नवखा नसतो. वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर चढला की घराच्या खिडकीला कूलर लागतो. त्याच्या टाकीत पाणी ओतण्याचे काम बहुधा मुलांकडेच येते. माठ सावलीत पण वाऱ्याच्या वाटेवर ठेवावा, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. पाण्याची वाफ होताना थंडावा येतो, हे मूलतत्त्व अशा रीतीने त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. असे असूनही संपीडक, संघनक, प्रसरण-झडप आणि बाष्पक ही चार नावे ओळीने सांगणारा विद्यार्थी ‘थंड खोलीतील उष्णता तापलेल्या अंगणात जाते तरी कशी?’ या प्रश्नाशी अडखळतो. या अडखळण्याचे मूळ पुष्कळदा त्या कूलरमध्येच सापडते. कूलर हे या विषयाचे उत्तम प्रवेशद्वार होय. तथापि तोच एक चुकीची समजूतही विद्यार्थ्याच्या मनात रुजवून ठेवतो.

प्रथम कूलरचे सामर्थ्य आकड्यांत मांडावे. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,४३० किलोज्यूल उष्णता लागते. एक टन क्षमतेचे वातानुकूलन यंत्र दर सेकंदास सुमारे ३.५ किलोज्यूल उष्णता काढून घेते. (हा ‘टन’ वजनाचा नसून, २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो त्या दराचा आहे. बर्फाच्या व्यापाराची ही खूण शास्त्राने तशीच जपली आहे.) म्हणजे एक लिटर पाणी उडून जाताना जे काम करते, त्यास एक टनी यंत्राला साडेअकरा मिनिटे लागतात. तासाला दहा लिटर पाणी पिणारा कूलर या हिशेबाने जवळजवळ दोन टनांचा ठरतो. अर्थात यातील बराच भाग बाहेरून ओढलेली तप्त हवा निववण्यातच खर्ची पडतो, हे शिक्षकाने लगेच सांगितले पाहिजे.

त्याच कूलरची मर्यादा आषाढात दिसते. दोन साधे तापमापक घेऊन एकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळावे व दोहोंवर वारा घ्यावा. हवा ४४ अंश व सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असता ओला तापमापक सुमारे २३ अंश दाखवील. हवा ३० अंश व आर्द्रता ८५ टक्के असता तो सुमारे २८ अंशांवर थांबेल. कूलरची हवा ओल्या तापमापकाच्या खाली कधीच जात नाही. वाळ्याच्या अथवा गवताच्या ताट्या या अंतराचा ८० टक्के भाग गाठतात असे धरले, तर पहिल्या दिवशी सतरा अंशांची घट मिळते, दुसऱ्या दिवशी दोन अंशांचीही नाही. कूलर चालू असता खिडकी उघडी का ठेवावी आणि वातानुकूलन यंत्र चालू असता ती बंद का करावी, हा प्रश्न येथेच विचारावा. ज्याला त्याचे उत्तर कारणासह देता आले, त्याला निम्मा विषय समजला.

पुढची पायरी अवघड आहे. कूलर आपली वाफ हवेत सोडून देतो. ती परत मिळवून पुन्हा द्रव करावयाची असेल, तर तिने शोषलेली उष्णता कोठेतरी टाकावी लागणार, आणि टाकण्याची जागा म्हणजे ४५ अंशांचे अंगण. येथे दाबाची कल्पना आणल्यावाचून गत्यंतर नाही. तिचा प्रत्यय देण्यास मोठी प्रयोगशाळा नको. सुई नसलेल्या पिचकारीत साठ अंशांचे थोडे पाणी घ्यावे, तोंड बोटाने दाबून दट्ट्या मागे ओढावा. पाणी विस्तवावाचून उकळू लागते. दाब उतरला की उत्कलनबिंदू उतरतो, दाब चढला की तोही चढतो. सारे चक्र या एका वाक्यात सामावले आहे.

पाण्यालाच ५ अंशांवर उकळवावयाचे तर दाब वातावरणाच्या शंभराव्या भागाहून कमी ठेवावा लागेल. म्हणून अन्य पदार्थ निवडतात. आर-१३४ए हा प्रशीतक ३.५ बार निरपेक्ष दाबाखाली ५ अंशांवर उकळतो व खोलीची उष्णता घेतो. संपीडकाने त्याची वाफ सुमारे १४.९ बारपर्यंत दाबली की ती ५५ अंशांवर द्रव होऊ शकते. ५५ अंशांच्या नळीतून ४५ अंशांच्या हवेत उष्णता जाणे हे नेहमीचेच वाहणे आहे. थंडाकडून उष्णाकडे उष्णता आपोआप गेलेली नाही. दोन्ही ठिकाणी ती उताराकडेच वाहिली. चढ चढविला तो संपीडकाने, आणि त्याचे मोल विजेच्या देयकात दिसते.

आता त्या चुकीच्या समजुतीकडे. कूलरचे पाणी संपते, ते पुन्हा भरावे लागते. यावरून यंत्रातील ‘गॅस’ही वापराने संपतो आणि दर उन्हाळ्यात भरावा लागतो, असे ग्राहकास वाटते. खेदाची गोष्ट ही, की दुरुस्ती शिकलेल्या कित्येकांनाही तसेच वाटते. वस्तुतः बंद चक्रात प्रशीतकाचा व्यय होत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता केलेली भरणी पुढील हंगामापर्यंत पुन्हा हवेत जाते. कुटुंबाचा पैसा जातो तो निराळाच. आर-२२ची तापनक्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठराशे पट आहे, आर-४१०एची दोन हजार पटींच्या वर. शिवाय आर-२२ ओझोनलाही बाधक आहे. १९८७चा माँट्रियल करार व त्यातील २०१६ची किगाली दुरुस्ती यांचा विषय हाच. अलीकडच्या घरगुती शीतकपाटांत आयसोब्यूटेन असतो. तो स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद, म्हणजे ज्वलनशील. त्याची गळती दिव्याने शोधणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. साबणाचा फेस, नायट्रोजनचा दाब आणि भरणीपूर्वीचा निर्वात या तीन गोष्टी वर्गात हाताने करून घेतल्या पाहिजेत. फळ्यावरची आकृती त्यांची जागा घेऊ शकत नाही.

शेवटी कार्नोचा १८२४चा सिद्धांत याच उन्हाळ्याला लावून पाहावा. बाष्पक ५ अंशांवर, म्हणजे २७८ निरपेक्ष अंशांवर आहे. बाहेर ३० अंश असता संघनक ४० अंशांवर धरला तर आदर्श गुणांक २७८ भागिले ३५, म्हणजे ७.९ येतो, बाहेर ४५ अंश असता २७८ भागिले ५०, म्हणजे ५.६. प्रत्यक्ष यंत्राचे गुणांक याहून पुष्कळ कमी असतात, पण कल तोच. तितकीच उष्णता काढण्यास आदर्श यंत्रालाही सुमारे १.४ पट काम पडते, आणि तेही भिंती व छप्पर सर्वाधिक तापलेले असताना. बाहेरचा संच पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याखाली कोंडला, तर त्याच्याभोवतीची हवा अंगणातील हवेहून किती अंशांनी अधिक तापते, हे मे महिन्यातील दुपारी दोन तापमापकांनी मोजून आणण्यास विद्यार्थ्यांना सांगावे, आणि मिळालेले आकडे वरील भागाकारात घालून घ्यावे.