आठ दिवसांत उजळवणारी ट्यूब

मलकापुरात आमचं मेडिकल आहे. तुळशीची लग्नं लागली की काउंटरवर एक मागणी हमखास वाढते. आई पुढे, मुलगी मागे. "ताई, आठ दिवसांत पोरगी उजळंल अशी ट्यूब द्या की. रविवारी पावणं बघाय येणार हाईत."

शाहूवाडी तालुक्यातल्या पोरी पावसाळ्यात चिखलात वाकून रोप लावतात, दिवाळीच्या सुमाराला उन्हात भात कापतात. अंग रापणारच. पावसात इरलं तसं उन्हात मेलॅनिन. कातडी हे रंगद्रव्य स्वतःच्या बचावासाठी बनवते. पाहुण्यांच्या घरच्या बायकाही असंच राबतात. तरी बायोडेटात 'वर्ण' लागतोच, आणि सावळ्या लेकीची आई तिथे 'निमगोरा' लिहिते. स्थळ परत गेलं तर बोलणी तिलाच खावी लागतात. म्हणून ट्यूब मागणाऱ्या आईला मी हसत नाही. ट्यूबमध्ये काय असतं, ते मात्र सांगते.

'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. २०२० मध्ये नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं, पण गिऱ्हाईक अजून जुन्याच नावाने मागतं. अशा क्रीमने आठ दिवसांत फरक पडत नाही, मग 'जरा जोरदार' काहीतरी हवं असतं.

जोरदार म्हणजे बहुतेक वेळा स्टेरॉइड: बेटामेथासोन, क्लोबेटासोल. ही मुळात इसब, सोरायसिसवरची औषधं. त्यांनी रक्तवाहिन्या आकसतात, रंगद्रव्य कमी बनतं, चेहरा झटकन नितळ दिसतो. लावतच राहिलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुम येतात, गालावर लव वाढते. बंद केलं की आग होते, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब लावते. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमं शेड्यूल 'एच'मध्ये घातली; डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत.

दुसरा प्रकार पाऱ्याचा. पारा मेलॅनिन बनणंच रोखतो, पण कातडीतून रक्तात आणि तिथून किडनीत जातो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार, डोळ्यांभोवतीची उत्पादनं सोडली तर, दहा लाखांत एका भागाहून जास्त पारा चालत नाही. बिनलेबलच्या डबीला कसला नियम? अकोल्याच्या एका घरातल्या मुलीने, तिच्या आईने आणि बहिणीने एकच क्रीम वापरलं आणि तिघींच्याही किडन्या बिघडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीममध्ये पारा सापडला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी आली. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या किडनीविकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतले १५ एका विशिष्ट प्रकारचे निघाले, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम लावली होती.

म्हणून आयांना सांगते: डबीवर कंपनीचा पत्ता, घटक, बॅच नंबर नसेल तर घेऊ नका. लावलीच असेल आणि पाय सुजले, लघवीला फेस आला, तर डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा. स्टेरॉइड बरेच दिवस लावलं असेल तर ते कसं सोडायचं, हेही त्वचेच्या डॉक्टरांनाच विचारा.

आमच्या भाचीच्या बायोडेटात आम्ही 'वर्ण' ठेवलाच नाही. एका पाहुण्यांनी फोनवर विचारलं, "मुलगी रंगाने कशी?" मी म्हटलं, "या, बघा." ते आले नाहीत. एक स्थळ गेलं, पण तो प्रश्न विचारणारं घरही कळलं. चिठ्ठीशिवाय ट्यूब देणं मी थांबवू शकते. हा प्रश्न मुलाकडच्यांनीच थांबवायला हवा.