मागचं चाक बदलताय? आधी रिम मोजा!

मागे जाड टायर हवा म्हणून दुसऱ्या बाइकचं चाक बसवायचंय? मग क्रम असा ठेवा: आधी स्विंगआर्ममधली जागा, मग टायर, मग रिम.

१७ इंची चाकाचं बघू. १५०/६० टायरला ३.५ ते ४.५ इंच रुंद रिम चालते. केटीएम ३९० ड्यूकला कंपनीच ४ इंची देते. १६०/६० ला ४ ते ५, तर १८०/५५ ला ५ ते ६ इंच लागते. ही रुंदी आतली, म्हणजे टायरच्या कडा बसतात तिथली. बाहेरून टेप लावलात तर आकडा जास्त येणार.

अरुंद रिमवर जाड टायर कोंबला की काय होतं? कडा आत ओढल्या जातात, टायर मधे फुगतो आणि वळणावर लचकतो. दिसायला भारी, चालवायला नाही!

रुंद चाकात दुसरा धोका, चेन. वेगात टायर थोडा फुगतो, त्यामुळे उभ्या गाडीत दिसणारी नखभर फट पुरत नाही. चेन घासली तर टायर कापला जातो. आणि हो, फट काढायला चाक एका बाजूला सरकवू नका. पुढचं-मागचं चाक एका रेषेतच हवं. जागाच नसेल, तर कंपनीचीच साइज बरी.