आधी छप्पर, मग एसी

एप्रिलच्या दुपारी आटपाडीत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हवेत ओलावा फारसा उरलेला नसतो. धुतलेले कपडे बघता बघता खडखडीत वाळतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या माणदेशात घरगुती गारव्याचे गणित मुंबईसारखे नाही. मुंबईचा घामट उकाडा आणि आटपाडीची कोरडी झळ यांवर एकच उपाय चालत नाही.

एसीचा जन्मच मुळी दमटपणा घालवण्यासाठी झाला. १९०२ साली विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली. दमट हवेत कागद फुगे, रंगांची छपाई सरके. हवेतली वाफ काढून घेणे हे त्या यंत्रणेचे मुख्य काम होते. आजचा घरगुती एसीही खोलीतली उष्णता आणि वाफ उचलून बाहेर टाकतो. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट या वेगाने उष्णता बाहेर काढतो.

ही उष्णता येते कुठून? दहा बाय बारा फुटांच्या खोलीचे छप्पर सुमारे ११ चौरस मीटर असते. भर उन्हात प्रत्येक चौरस मीटरवर साधारण एक किलोवॉट सूर्यशक्ती पडते. म्हणजे डोक्यावर ११ किलोवॉट, तीन टनांच्या एसीला पुरून उरेल एवढी! ती सगळीच आत उतरत नाही. किती उतरणार, हे छपराचा रंग आणि जाडी ठरवते. पत्रा काही मिनिटांत तापतो. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो, म्हणून जेवणे उरकल्यावरही पंख्याखाली गरम वारा लागतो. जुन्या माळवदी घरांत मातीचा जाड थर ही झळ बराच वेळ अडवून धरी.

आटपाडी-सांगोला पट्ट्यातले बागायतदार डाळिंबावर उन्हाचे चट्टे पडू नयेत म्हणून झाडांवर पांढरे कापड अंथरतात. हेच शास्त्र घरालाही लागू आहे. स्लॅबवर चुन्याचा किंवा उष्णतारोधक पांढऱ्या रंगाचा हात दिला, तर पडणाऱ्या उन्हाचा अर्ध्याहून अधिक भाग परत फेकला जातो. पत्र्याखाली छत मारून मध्ये हवेची पोकळी ठेवली आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा लावला, की एसीचे निम्मे काम तो सुरू होण्याआधीच होते.

यानंतर पाळी कूलरची. तापमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगल्या जाळ्यांचा कूलर हवा २७-२८ अंशांपर्यंत खाली आणू शकतो. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला तोच कूलर जेमतेम ३० अंशांवर येऊन थांबतो, वर खोली चिकट करतो. कूलरला वीज लागते दीडशे-दोनशे वॉट. खरे काम बाष्पीभवन करते. एक टन एसीइतकी उष्णता शोषायला तासाला साधारण पाच लिटर पाणी पुरते. टँकरचे दिवस पाहिलेल्या तालुक्यात हा हिशेबही महत्त्वाचा, म्हणून कूलर फक्त ऐन दुपारच्या तासांपुरता चालवावा. बोअरचे पाणी जड असेल तर जाळ्यांवर क्षार बसतात आणि गारवा घटतो. टाकीतले पाणी वरचेवर बदलावे लागते.

कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. दोन्ही एकाच खोलीत एकदम लावले, तर कूलरने सोडलेली वाफ एसीला पुन्हा काढत बसावे लागते आणि दोन्हीकडची वीज वाया जाते.

एसीची खरी गरज भासते ती वळिवाच्या ढगांनी हवा दमट झाल्यावर, जेव्हा कूलर हात टेकतो. १ जानेवारी २०२० पासून भारतात स्टार-लेबल असलेले घरगुती एसी मुळातच २४ अंशांवर लावलेले येतात. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अंदाजानुसार तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २६ किंवा २७ अंश ठेवून पंखा मंद फिरवला, तर अंगाला दोनेक अंश कमीच वाटते. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही. यंत्र फक्त जास्त वेळ राबते. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी. बाहेरच्या युनिटला सावली हवी, पण त्याची वाट कोंडू नये.

पठारावरची कोरडी हवा पहाटे चांगली निवते. त्या वेळी एसी बंद करून खिडक्या उघडल्या, तर भिंतींतली साठलेली उष्णता फुकट निघून जाते.

बिलाचा हिशेबही घरच्यांनी करून ठेवावा. तासाला सरासरी एक युनिट धरले, तर आठ तासांच्या रात्रींचे महिन्याला २४० युनिट होतात आणि महावितरणच्या दरपत्रकात १०० युनिटांपुढचा दर बराच चढा आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या सौर पॅनेलसाठी ७८ हजार रुपयांचे केंद्रीय अनुदान ठरले. दिवसा जास्तीची वीज ग्रीडला देऊन रात्रीच्या वापरातून वळती करता येते. शिवाय पॅनेल जमिनीऐवजी छपरावर बसवल्यास त्यांची सावली तापणाऱ्या स्लॅबवरच पडते.