दुखायचं थांबलं, म्हणजे बरं झालं?

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे काना-मात्रेची चूक दिसली तर सांभाळून घ्या. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण आमच्या घरी तो मराठीतच घडला.

मी बारावीत होतो. बाबा चाकणला एका फोर्जिंग शॉपमध्ये भट्टीवर कामाला. एप्रिलमधली गोष्ट. सेकंड शिफ्ट करून रात्री घरी आले आणि डाव्या कुशीत कळ सुरू झाली. कळ कुशीतून जांघेपर्यंत उतरायची, मध्येच उलटी व्हायची. बाबांना असं गडबडा लोळताना मी कधीच पाहिलं नव्हतं. जवळच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, “मुतखडा वाटतोय, सोनोग्राफी करून घ्या” म्हणाले आणि चिठ्ठी लिहून दिली. चौथ्या दिवशी कळ थांबली. तोपर्यंत शेजारच्या काकूंनी पानफुटीची पानं आणून दिली होती, आजीने कुळथाचं कढण केलं होतं. सगळे म्हणाले, पडला खडा! बाबा ड्युटीवर गेले. चिठ्ठी माझ्या फिजिक्सच्या पुस्तकात राहिली.

खडा पडला नव्हता.

हे कसं होतं, ते आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगतो. मूत्रपिंड म्हणजे फिल्टर. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात आणि उरलेली दीड-दोन लिटर लघवी खाली पाठवतात. ती वाहून नेणारी नळी म्हणजे मूत्रवाहिनी. लांबी २५ ते ३० सेंटिमीटर, आतला व्यास जेमतेम ३-४ मिलिमीटर. हा नुसता पाइप नाही, तिच्या भिंतीतले स्नायू लाटेसारखे आकुंचन पावून लघवी पुढे ढकलतात. ही नळी तीन ठिकाणी अरुंद असते : मूत्रपिंडातून निघताना, कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. खडा बहुधा इथेच अडकतो. खड्याशिवाय इतर कारणंही आहेत. काहींची नळी जन्मतःच अरुंद असते, काहींची टीबीमुळे आकसते, कधी पोटातली गाठ बाहेरून दाबते.

आता बॅक प्रेशर बघा. फिल्टर चालतो तो दोन बाजूंच्या प्रेशरमधल्या फरकावर. आउटलेट तुंबलं की मागचं प्रेशर वाढतं, फरक कमी होतो आणि गाळणं मंदावतं. नळी आणि मूत्रपिंड ताणलं जातं, म्हणून ती जीवघेणी कळ. पण काही तासांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाच कमी होऊ लागतो. लघवी कमी बनते, नळी सैलावते, प्रेशर उतरतं. आणि कळही उतरते!

म्हणजे कळ थांबायची कारणं दोन : एक तर खडा पडला, नाहीतर मूत्रपिंडाने काम कमी केलं. घरच्यांना दोन्ही सारखीच दिसतात. इथेच आम्ही फसलो.

कुत्र्यांवर केलेल्या जुन्या प्रयोगांत असं दिसलं, की पूर्ण तुंबलेली नळी आठवड्याभरात मोकळी केली तर मूत्रपिंड पूर्ववत होतं, चार आठवड्यांनी साधारण ३० टक्केच काम परत येतं आणि सहा आठवड्यांनंतर जवळजवळ काहीच नाही. माणसात अडथळा बरेचदा अर्धवट असतो, म्हणून वेळ थोडा जास्त मिळतो, एवढंच. शिवाय दुसरं मूत्रपिंड स्टँडबाय पंपासारखं सगळा भार उचलतं. त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिनही नॉर्मल येऊ शकतं.

बाबांचं तसंच झालं. अकरा महिन्यांनी तपासणीत ब्लड प्रेशर वाढलेलं निघालं, म्हणून सोनोग्राफी केली. डावं मूत्रपिंड पाण्याने फुगलेलं. सोनोग्राफीत फुगवटा दिसतो, पण नळीच्या मधला खडा बरेचदा दिसत नाही. साध्या एक्स-रेत युरिक अ‍ॅसिडचे खडे उमटत नाहीत. म्हणून सीटी स्कॅन केला. ९ मिलिमीटरचा खडा, मूत्राशयाच्या तोंडाशी. मग कोणतं मूत्रपिंड किती काम करतं हे दाखवणारा रेनोग्राम झाला. उजवं ८८ टक्के, डावं १२. दुर्बिणीतून लेसरने खडा फोडला, काही दिवस नळीत स्टेंट ठेवला. नळी मोकळी झाली, डावं मूत्रपिंड मात्र परत आलं नाही.

बाबा आज ठणठणीत आहेत, पण एकाच मूत्रपिंडाच्या भरवशावर. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुखण्यावरची साधी गोळीही घेत नाहीत. आणि मला ते फिजिक्सचं पुस्तक अजून टाकवत नाही.

आपल्या पट्ट्यात भट्टीवर, फाउंड्रीत, हीट ट्रीटमेंटला काम करणारे घरोघरी आहेत. घामाने पाणी जातं, लघवी घट्ट होते, त्यात क्षार साठतात. ब्राझीलमधल्या पोलाद कामगारांची एक पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. गरम जागी काम करणाऱ्यांत खड्याचं प्रमाण ८ टक्के, साध्या तापमानात काम करणाऱ्यांत ०.९ टक्के! लोक बोअरच्या पाण्याला दोष देतात, पण खरा घोटाळा पाणी कमी पिण्यात आहे. सबमिशनच्या आठवड्यात चहावर जगणाऱ्या होस्टेलवाल्यांनो, हे तुम्हालाही लागू!

तेव्हा एवढंच लक्षात ठेवा. लघवी फिकट राहील इतकं पाणी प्या. ५ मिलिमीटरपर्यंतचे बरेचसे खडे आपोआप पडतात, पण पडला की नाही हे तपासूनच ठरवा. कळीसोबत थंडी-ताप आला किंवा लघवीच बंद झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. पिंपरीत महापालिकेचं वायसीएम आहे, ईएसआय कार्ड असेल तर मोहननगरचं कामगार रुग्णालय आहे.

घरी फोन कराल तेव्हा वडिलांना विचारा, “कधी कुशीत दुखलं होतं का?” “हो, पण थांबलं आपोआप” असं उत्तर आलं, तर सोनोग्राफीची चिठ्ठी कुठल्या पुस्तकात आहे ते शोधा.