पोपट नुसतीच पोपटपंची करतो का?

अर्थ न समजता धडा घडाघडा म्हणून दाखवला, की गुरुजी म्हणतात, "ही नुसती पोपटपंची झाली!" पण पोपटावरचा हा आळ खरा आहे का?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता मिळतो. तिथल्या गोंगाटातही संध्याकाळी मान वर करून पाहा. कर्कश ओरडत जाणारा एखादा हिरवा थवा दिसेल. ज्याच्या गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ, तो नर. पिंजऱ्यात 'मिठू मिठू' म्हणतो, तो हाच पोपट.

पोपटाला ओठ नसतात, मग तो बोलतो कसा? त्याच्या श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे त्याचे ध्वनियंत्र असते. त्यातून निघालेल्या आवाजाला तो आपल्या जाड जिभेने वळण देतो.

पण बोललेले त्याला समजते का? १९७७ साली अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या संशोधिकेने दुकानातून एक करडा आफ्रिकी पोपट आणला. त्याचे नाव ॲलेक्स. त्याच्यासमोर एक माणूस वस्तू दाखवून तिचे नाव विचारी, दुसरा उत्तर देई. उत्तर बरोबर आले, की वस्तू त्याला मिळे. हे पाहून ॲलेक्सही शिकला. त्याला सुमारे १०० शब्द येत. तो ७ रंग ओळखी आणि ६ पर्यंत वस्तू मोजी. हिरव्या रंगाच्या दोन निरनिराळ्या वस्तू दाखवून "यांत सारखे काय?" असे विचारले, की तो म्हणे, "रंग!" पूर्वी न पाहिलेल्या वस्तूंबद्दलही तो अशी उत्तरे देई. २००७ साली, ३१ वर्षांचा असताना तो मेला. त्याच्या बोलण्याला 'भाषा' म्हणावे का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण ती घोकंपट्टी नव्हती, हे नक्की.

पोपट थव्यात राहणारा पक्षी. सोबत्यांचे आवाज ऐकून तो आपले आवाज शिकतो. पिंजऱ्यात मात्र सोबती नसतात, म्हणून तो आपली बोली उचलतो. आपल्याला त्याची गंमत वाटते. तो मात्र हरवलेला थवा शोधत असतो!

आपले देशी पोपट पकडणे, विकणे वा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. कोणाकडे असा पोपट असला, तर त्याला एकदम उडवून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधणे जमत नाही. घरातल्या मोठ्या माणसांकरवी वनखात्याला कळवा.

आणि हो, यापुढे कोणी 'पोपटपंची' म्हणाले, तर त्यांना ॲलेक्सची गोष्ट जरूर सांगा!